मदत हवी आहे: डोक्या-गळ्याच्या दुपट्ट्याला कापड कोणतं घेऊ?

भाऊ-ताईंनो, यवतमाळकडे शेती आहे. मे महिन्यात पारा 45 च्या घरात आणि रोज मोटरसायकलवर ये-जा. बाजारातून आणलेला टेरिकॉटचा दुपट्टा घाम टिपतच नाही, डोक्यावरून घसरतो तो वेगळाच. मलमल ओली करून बांधली की डोकं थंड राहते, पण पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटताना अडकून अडकून तिच्या चिंध्या झाल्या. खादी टिकते म्हणतात. ओली झाल्यावर जड होते का? मला एकच हवा आहे: उन्हात डोक्याला, तूर काढताना धुळीत नाकातोंडाला, थंडीत कानाला. (फवारणीला वेगळा मास्क आहे.) दोन मीटर पुरते की अडीच घेऊ? कापड आधी भिजवून, आटवून मगच काठ शिवायचे ना? बायको म्हणते, आईचं जुनं सुती लुगडं फाडा!