कॅटलॉग येईपर्यंत हातातल्या पातीला धार लावा

उभी_रेघ

परवा इथे सुतारकामाच्या फोरमवर एकाने लिहिलं, “हत्यारांचा नवा कॅटलॉग येत्या काही दिवसांत निघतोय. मागचा तर पाठ झालाय. तोवर दुसरं काही सुचत नाही. तुमच्या याद्या टाका.” बघता बघता खाली याद्यांचा ढीग पडला. मी सगळ्या वाचल्या. कुणाला तिसरा ब्लॉक प्लेन (छोटा रंधा) हवाय, कुणाला चौथी डव्हटेल करवत. त्यातून काय बनवायचंय हे मात्र एकानेही लिहिलेलं नाही. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

सुरुवातीची तीन वर्षं मीही हेच केलं. माझे डव्हटेल, म्हणजे शेपटीच्या आकाराचे जोड, बसायचे नाहीत, प्रत्येक शेपटीच्या बुडाशी फट राहायची. करवतच जाड कापते असं मी धरून चाललो आणि इंचाला 15 दात असलेल्या, पितळी पाठीच्या करवतीची चार महिने वाट पाहिली. त्या चार महिन्यांत एकही जोड कापला नाही. करवत आली. हातात घेतल्यावर खरंच छान वाटली. फट मात्र जिथल्या तिथे. मग एकदा पेन्सिल सापडेना म्हणून सुरीने आखलं. पटाशी नेऊन टेकवली तर तिची धार त्या बारीक खाचेत आपसूक अडकली, बोटांना कळेल इतकी स्पष्ट. त्या दिवशी पहिल्यांदा जोड मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसला. करवतीचा दोष नव्हताच. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड होती आणि मी कधी तिच्या अलीकडे कापत होतो, कधी पलीकडे.

आणि “नवा” म्हणजे नवा तरी काय? स्टॅनली या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने 1869 मध्ये लिओनार्ड बेलीचे रंध्याचे पेटंट हक्क घेतले. आज कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर जो 4 नंबरचा रंधा झळकतो, त्याची बैठक त्याच घराण्यातली आहे. दीडशे वर्षं जुन्या गोष्टीसाठी झोप कसली उडवता?

सचित्र_पान

तुमचा अनुभव खरा असेल, पण त्यावरून तुम्ही सगळ्यांना एकाच दावणीला बांधताय. मला शिकवायला कुणी नव्हतं. आजूबाजूला हाताने काम करणारा एकही माणूस नव्हता. कुठल्या कामाला कुठलं हत्यार हे मला कॅटलॉगनेच शिकवलं.

एक उदाहरण देतो. शोल्डर प्लेनच्या, म्हणजे जोडाचा कोपरा साफ करायच्या रंध्याच्या, चित्रात मला दिसलं की पातं अंगापेक्षा केसभर रुंद आहे. छपाईची चूक असेल म्हणून पान पुढे उलटलं, पण डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी कुसाच्या (खाचेत बसणाऱ्या जिभेच्या) खांद्याशी कोपरा साफ करताना उजेड पडला. पातं अंगाच्या बरोबरीचं असतं तर कोपऱ्यात पोचलंच नसतं, दर फेरीला एक बारीक पायरी सोडत गेलं असतं. हे मला चित्राने शिकवलं.

हा नाद आजचाही नाही. शेफील्डच्या कारखानदारांच्या हत्यारांची सचित्र नमुनावही 1816 मध्ये छापली गेली. त्या काळच्या पटाश्या, ड्रिल, रंध्याची पाती कशी होती हे आज आपण त्यातल्या चित्रांवरून सांगतो. तेव्हाही कुणीतरी ती पानं उलटत बसलंच असेल ना? आणि कॅटलॉगची वाट बघणारा माणूस काम करत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी दोन्ही करतो.

उभी_रेघ

नमुनावहीचं कौतुक मलाही आहे. पण बेंजामिन सीटनच्या पेटीचं काय म्हणाल? 1796 मध्ये त्याच्या वडिलांनी लंडनच्या क्रिस्टोफर गॅब्रिएलकडून हत्यारांचा अख्खा संच घेऊन दिला, पोराने त्यासाठी सुरेख पेटी बनवली, हत्यारांची यादीसुद्धा टिकली. पेटी आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल म्युझियममध्ये आहे. आतली हत्यारं इतकी चांगली का राहिली? फारशी वापरलीच गेली नाहीत म्हणून. रोज वापरलेलं पातं झिजून बोटभर उरतं आणि शेवटी फेकलं जातं. तुमच्या याद्यांकडे बघून मला ती पेटी आठवते.

सचित्र_पान

ती पेटी आणि ती यादी नसती तर अठराव्या शतकातली हत्यारं नव्या अवस्थेत कशी दिसत होती हे आज कळलं नसतं. तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतंय.

डावरी

दोघांचं भांडण वाचलं. माझं दुखणं वेगळं आहे. मी डावखुरी आहे. सगळे म्हणतात कॅटलॉग म्हणजे पर्वणी. माझ्यासाठी त्यात असतं काय? सत्तर पानं उजव्या हाताची, आणि कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ, “डाव्या हातासाठीही उपलब्ध”. चित्र नाही, मापं नाहीत.

एका बाजूने घासलेली आखणीची सुरी घ्या. तिची सपाट बाजू गुण्याला टेकली पाहिजे. माझ्या हातात ती उलट्या बाजूला येते, मग रेघ गुण्यापासून सरकते. वर उभी_रेघ सुरीच्या रेघेचं एवढं सांगतायत, ती रेघ मारायलाच मला दोन वर्षं झगडावं लागलं. शेवटी दोन्ही बाजूंनी घासलेली सुरी घेतली.

खाच पाडायच्या रंध्याची तर वेगळीच कथा. मी तो उजव्या हाताने चालवायला शिकले. मनगट दुखेपर्यंत शिकले. एका ड्रॉवरच्या बाजूला लाकडाची रेषा उलटी होती. फळीची संदर्भाची बाजू ठरलेली, त्यामुळे ढकलायची दिशाही ठरलेली. रंधा तंतू उपटतच गेला. डाव्या हाताचा रंधा असता तर त्याच कडेवरून उलट दिशेने गेले असते आणि खाच स्वच्छ निघाली असती. म्हणजे डावा रंधा उजव्या हातवाल्यांनाही लागतो! जोडीने विकायची गोष्ट आहे ती. म्हणून मी दर वेळी कॅटलॉगची वाट बघते आणि दर वेळी निराश होते. “वाट बघू नका” हे ज्याच्या हाताचं हत्यार प्रत्येक पानावर आहे त्याने सांगू नये.

जाड_पातं

डावरी यांच्याशी शंभर टक्के सहमत. बाकी चर्चा मला पटली नाही. उभी_रेघ म्हणतात नवं काही नाही. बेलीच्या जुन्या रंध्यातलं पातं जेमतेम 2 मिमी जाड होतं, आता 3 मिमीच्या वर असतं. त्याने थरथर कमी होते. पोलादही बदललंय. व्हेरिटास कंपनीने 2012 मध्ये पीएम-व्ही11 हे पोलाद आणलं, भुकटीपासून बनवलेलं. ते वापरल्यापासून मी जुन्या ओ1 पोलादाकडे वळून पाहिलेलं नाही. माझ्या यादीत या वेळी फक्त पाती आहेत, आणि त्यासाठी मी वाट बघणारच.

उभी_रेघ

आलं पोलाद! मी ए2 पोलादाची पाती घेतली होती. वर्णनात लिहिलं होतं, धार जास्त टिकते. 25 अंशावर पाजळली आणि कठीण लाकडावर दहा मिनिटं चालवली तर धारेला कपचे. भिंगातून पाहिलं, करवतीसारखी दिसत होती. ओ1 चं पातं बोथट होतं हे खरं, पण गुमान बोथट होतं, आणि 1000 आणि 8000 नंबरच्या धारेच्या दगडावर पाच मिनिटांत परत उभं राहतं.

जाड_पातं

25 अंशावर ए2? मग कपचे उडणारच. त्यात 5 टक्के क्रोमियम असतं, कार्बाइडचे कण मोठे असतात, पातळ धारेत ते टिकत नाहीत. 30 च्या पुढे जा, 33 पर्यंत सुद्धा. पोलादाचं न वाचता पोलादाला शिव्या देताय. नाचता येईना, अंगण वाकडं.

उभी_रेघ

म्हणजे कॅटलॉगने हे लिहायला नको होतं? “धार टिकते” हे मोठ्या अक्षरात छापायचं आणि कोन कुठेच नाही! मी वाचलं नाही म्हणता, छापलंच नव्हतं तर वाचू काय? आणि म्हणी मलाही येतात. जरा भाषा सांभाळा.

जाड_पातं

म्हण मागे घेतो. कोन छापायला हवा होता, ते मान्य. पण मुद्दा तोच राहतो. उलट्या रेषेच्या लाकडाला माझा उपाय सरळ आहे. पात्याचा उतार वर असलेला रंधा, 12 अंशाची बैठक, 38 अंशाला घासलेलं पातं, एकूण 50. जास्त उपटायला लागलं तर आणखी उभं घासलेलं दुसरं पातं टाकायचं. म्हणून मला तीन पाती लागतात. हौस नाही ती, गरज आहे.

कूस_खाच

इतका वेळ गप्प होतो, आता राहवत नाही. तीन पाती कशाला? तुमच्या साध्या रंध्यावर कॅप आयर्न, म्हणजे पात्याच्या पाठीला टेकून बसणारी दुसरी पट्टी, बसवलेलं आहे ना? ते धारेच्या जवळ आणा. जवळ म्हणजे एक मिलिमीटर नव्हे, 0.1 ते 0.2. जपानमध्ये यामागाता विद्यापीठात कावाई आणि कातो यांनी हेच यंत्रावर चालवून अगदी जवळून चित्रित केलं. त्यात कॅप आयर्न इतकं जवळ आणलं की तंतू उचलला जायच्या आतच रंध्यातून निघणारी साल मोडून वर वळते. कोन वाढवायची गरजच उरत नाही.

हाताला कसं कळतं ते सांगतो. कॅप आयर्न लांब असेल तर साल गुंडाळी होऊन येते, सुरळीसारखी. बरोबर बसलं की साल सरळ उभी वर येते, फितीसारखी. अतिजवळ गेलं की सालीवर बारीक चुण्या पडतात, रंधा जड लागतो. तिथून केसभर मागे घ्यायचं. एवढंच. पण आधी कॅप आयर्नची कड दगडावर घासून पात्याच्या पाठीला पक्की टेकवावी लागते. उजेडासमोर धरायचं. मधून उजेड दिसला की साल तिथे घुसते आणि तोंड तुंबतं.

सचित्र_पान

हे सगळं उपयोगाचं आहे, पण मूळ विषय कॅटलॉगचा होता.

कूस_खाच

कॅटलॉगचाच विषय आहे! दुहेरी पात्याचा, म्हणजे कॅप आयर्नवाला, रंधा अमेरिकेत सर्वात आधी कुठे नोंदला गेला? फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल कॅरुथर्सच्या 1767 च्या जाहिरातीत. तेव्हा विकणाऱ्याला ती गोष्ट सांगाविशी वाटत होती. आजच्या कॅटलॉगमध्ये पात्याच्या पोलादावर अर्धं पान आणि कॅप आयर्नवर एक शब्द नाही. म्हणून लोक तीन तीन पाती घेतात.

जाड_पातं

ठीक आहे, चुकत असेन. पण 0.1 मिमी डोळ्याने जुळवायचं, दर वेळी धार लावल्यावर पुन्हा जुळवायचं, हे रोजच्या कामात कोण करतं? मला पातं बदलायला एक मिनिट लागतं.

कूस_खाच

मी करतो, रोज. स्क्रू अर्धवट आवळायचा, अंगठ्याने कॅप आयर्न पुढे सरकवायचं, धारेची चकाकणारी रेघ जेमतेम दिसेल तिथे थांबायचं, मग आवळायचं. आवळताना ते किंचित पुढे सरकतं, तेवढं आधी धरून चालायचं. पंधरा दिवसांत सवय होते. “वेळ नाही” म्हणणाऱ्यांना पानं उलटायला मात्र तासन् तास मिळतात, तेव्हा उभी_रेघ यांच्याशी मी इथे सहमत आहे.

शिकाऊ_हात

मी अगदीच नवीन आहे. यादी करणारच होते, हा धागा वाचून थांबले. पहिला रंधा कुठला घ्यावा, 4 नंबरचा की 5?

उभी_रेघ

5 नंबर, 14 इंची जॅक. जाड सालही काढतो, पातं नीट पाजळलं तर शेवटचा हातही देतो. पण आधी काय बनवणार ते सांगा.

जाड_पातं

पात्याचा उतार वर असलेला जॅक घ्या. आडव्या तंतूवर पण चालतो.

डावरी

हात लहान असतील तर कुठलाही रंधा आधी हातात धरून बघा. जॅक माझ्या मनगटाला अर्ध्या तासात जड होतो. 4 नंबर घेतला तर तुमचं बिघडणार नाही. आणि डावखुऱ्या असाल तर मला नक्की लिहा.

शिकाऊ_हात

उजवाच हात. छोटी पेटी करायची आहे, झाकणासह. आभार.

जाड_पातं

कूस_खाच, काल रात्री करून पाहिलं. तीच फळी, जिच्यावर गेल्या आठवड्यात गाठीभोवती तंतू उपटले होते. साधा 4 नंबरचा रंधा. तुमच्यासारखं आवळायला सात वेळा लागलं, दोनदा कॅप आयर्न धारेच्या पुढे गेलं. आठव्या वेळी साल सरळ वर आली. गाठीभोवती हात फिरवला, गुळगुळीत. पण पातं पीएम-व्ही11 च होतं, हेही लिहून ठेवतो. तिसरं पातं यादीतून काढलंय. दुसरं राहणार.

कूस_खाच

आता ओ1 वर करून बघा.

उभी_रेघ

डावरी, डाव्या-उजव्या जोडीचं तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. मलाही माझ्या खाचा उलट्या रेषेत फाटलेल्या आठवतात. तेव्हा मी लाकूड बदललं होतं, रंधा बदलायचा असतो हे सुचलं नव्हतं. कॅटलॉग आला की ते एक पान मी शोधणार आहे. बाकी कुठल्याही पानाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

डावरी

चित्र आणि मापं दिलेली असतील तरच कळवा. नुसती ओळ मला पाठ आहे.