नवीन जोडलेला पीसी: पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो

जकार्डवाला (रविवार, रात्री 10:40)

मंडळी, आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं टॉवेल आणि चादरींची डिझाइनं करतो. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचो आणि पंचिंगवाल्याकडून कार्डं पाडून घ्यायचो. आता फाइल पेनड्राइव्हवर घालून मागावर न्यायची. डोळे मात्र तेवढेच जातात.

जुना पीसी ऐन गणपतीत गेला. तयार मशीनचा भाव ऐकून गप बसलो होतो, तर भाच्यानं डोक्यात भरवलं, "मामा, सुटे पार्ट आणू, आपणच जोडू, त्यात काय!" भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला. पार्ट त्यानंच ठरवले, आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं मांडीवर कॅबिनेट घेऊन आला. आला रात्री, आणि कॉलेजातनं परीक्षेचा निरोप आला म्हणून सकाळच्या हुतात्मानं परत. खोकी माझ्यापुढं.

पार्ट असे: रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी550 चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (छोट्या मापाचा) मदरबोर्ड, डीडीआर4 3200 च्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या, फाइली साठवायला 500 जीबीचा एनव्हीएमई, 550 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). कॅबिनेट मोठं, एटीएक्सचं. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, डिझाइनच्या कामाला लागत नाही.

आज दुपारी बायकोनं कॉटवर चादर अंथरून दिली. (आमच्याकडं चादरीला काय तोटा!) प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवला, तो आपसूक आत बसला, दांडी खाली केली. त्याच्यावर बसणाऱ्या पंख्याच्या कुलरचे चार स्क्रू तिरप्या जोडीनं थोडे थोडे आवळत गेलो. रॅमच्या पट्टीला एवढा जोर लागतो हे मात्र कुणी सांगत नाही राव. बोर्ड वाकतोय असं वाटून पोटात गोळा आला, आणि मग खट्ट झालं. एनव्हीएमईचा स्क्रू तिळाएवढा. तो हातातनं निसटला आणि अर्ध्या तासानं चादरीच्या घडीत सापडला.

सगळं कॅबिनेटमध्ये बसवलं, वायरी जोडल्या, देवाचं नाव घेऊन बटन दाबलं. पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. बस्स. परत बटन दाबलं तर तेवढंही नाही. एसएमपीएसचं मागचं बटन बंद करून, जरा थांबून चालू केलं की पुन्हा एकच गिरकी.

24 पिनची आणि प्रोसेसरजवळची 8 पिनची, दोन्ही वायरी काढून परत लावल्या. फरक शून्य. आणखी एक, अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लागला की बोटांना मुंग्या येतात. हे दोन्ही एकच दुखणं आहे का दोन? मंगळवारी पार्टीला नमुना दाखवायचाय.

गेमरपुणे (रविवार, रात्री 11:05)

काका, एसएमपीएस गेलाय. 550 मध्ये काय होतं आजकाल? 750 चा गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा दर्जा) घ्या, पुढं ग्राफिक्स कार्ड टाकता येईल.

कडकभाकरी (रविवार, रात्री 11:30)

जुळे सोलापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे, दोन मशीनं मी स्वतः जोडलीत. बोर्डाच्या खोक्यावर रायझन 5000 चालतो असं स्टिकर आहे का बघा. बी550 चे सुरुवातीचे बोर्ड बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय 5600जी ओळखत नाहीत. माझ्या एका मशीनला तेच झालं होतं, पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. नाहीतर प्रोसेसर एकदा काढून परत बसवून बघा.

सातरस्ता (सोमवार, सकाळी 7:15)

मालक, प्रोसेसरला अजिबात हात लावू नका. कडकभाकरी ताई, राग मानू नका, पण ह्या सॉकेटला पिना प्रोसेसरला असतात. कुलर सरळ वर उपटला की मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट धरून ठेवते आणि प्रोसेसर दांडी न उघडताच कुलरला चिकटून वर येतो. वाकलेल्या पिना सुईनं सरळ करत मी अख्ख्या दुपारी घालवल्यात. काढायचाच असेल तर मशीन थोडं तापवायचं, कुलर डावीकडं-उजवीकडं जरा फिरवून सैल करायचा आणि मग उचलायचा. ह्यांचं मशीन चालूच होत नाही, तर तापवणार कशानं?

बायोसही नाही वाटत. बायोस जुना असला तर ताईंनी सांगितलं तसंच होतं, पंखे फिरत राहतात आणि चित्र येत नाही. इथं पंखा थांबतोय, आणि मागचं बटन बंद-चालू केल्याशिवाय परत उठत नाही. म्हणजे एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. त्याला कुठंतरी शॉर्ट दिसतोय, म्हणून तो दार लावून बसलाय. गेलेला एसएमपीएस एवढा शहाणपणा दाखवत नाही. आणि पुणेकर, 5600जी 65 वॅटचा आहे. ग्राफिक्स कार्ड नसताना अख्खं मशीन 150 वॅटच्या आत चालतं. काकांना 750 चा गोल्ड कशाला, दागिना घडवायचाय का?

आता करायचं असं. प्लग भिंतीतून काढा. बोर्ड कुलर-रॅमसकट कॅबिनेटच्या बाहेर काढा आणि बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर ठेवा. चादरीवर नको, पुठ्ठ्यावर. एक रॅमपट्टी काढून ठेवा. दुसरी प्रोसेसरकडनं मोजत दुसऱ्या खाचेत. एनव्हीएमई पण काढा. फक्त 24 पिन, 8 पिन आणि स्क्रीनची वायर. स्क्रीनची वायर बोर्डाच्या मागच्या सॉकेटला.

बटन कॅबिनेटला राहिलं, मग चालू कसं करायचं? बोर्डाच्या खालच्या कडेला पिनांचा एक झुपका असतो, तिथं पॉवर स्विचच्या दोन पिना कुठल्या ते पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन्ही पिनांना एकदम टेकवा, क्षणभरच. बटन तरी दुसरं काय करतं! त्या पिनांवर व्होल्टेज किरकोळ असतो, भ्यायचं कारण नाही. फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका.

बाहेर चाललं तर दोष कॅबिनेटच्या आत. बोर्डाखाली पितळी खांब असतात ना, स्टँडऑफ, ते मोजा. बोर्डाला भोकं किती आणि खांब किती. बाहेर पण नाही चाललं तर लिहा, मग एसएमपीएसकडं वळू.

मुंग्यांचं दुखणं वेगळं आहे, ते अर्थिंगचं. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो तो थोडा करंट अर्थला सोडत असतो. अर्थ नसली की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर तरंगत राहतो. मीटर लावला तर 110 च्या आसपास व्होल्ट दाखवेल. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण तसंच चालवू नका. पेनड्राइव्ह लावता-काढता एखाद्या दिवशी पोर्ट उडेल. वायरमनकडनं बघून घ्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

जकार्डवाला (सोमवार, दुपारी 2:20)

पाणी चार-चार दिवसांनी येतं मालक, आणि ते खड्ड्यात ओता म्हणताय! घरात बोललो तर मलाच खड्ड्यात घालतील.

बाकीचं रात्री करून सांगतो. खांबांचं वाचून मात्र मनात पाल चुकचुकली.

जकार्डवाला (सोमवार, रात्री 11:50)

झालं! चाललं!

सविस्तर सांगतो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. बोर्ड बाहेर काढून खोक्यावर ठेवला. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तर हात असा थरथरत होता की पोरगी म्हणाली, "बाबा, मी करते." तिनंच टोक टेकवलं. पंखा फिरला. मी मनात एक, दोन, तीन मोजतोय, आता थांबेल, मग थांबेल, पण तो फिरतच राहिला. दहा-पंधरा सेकंदांनी स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचं चित्र उमटलं आणि पोरीनं अशी किंकाळी मारली की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

मग खांब मोजले. बोर्डाला भोकं 8. खांब 10.

चूक शंभर टक्के माझी. कॅबिनेटला सहा खांब आधीच बसवलेले होते आणि पुडीत सुटे चार. मी म्हटलं, दिलेत म्हणजे बसवायचेच असणार, बोर्डाला चांगला आधार मिळेल. पत्र्याला दिसतील त्या भोकांत चारही पिळून टाकले. त्यातला एक बोर्डाच्या बाहेरच गेला, त्याचा काही त्रास नाही. दुसरा नेमका रॅमच्या खाचांच्या पाठीमागं. बोर्ड उलटा धरून बॅटरी मारली तर सोल्डरच्या दोन-तीन ठिपक्यांवर पितळेचा बारीक चकचकीत ओरखडा. म्हणजे शॉर्ट तिथंच होत होता. जळकं काही नाही. पत्र्यावर भोकांशेजारी बारीक अक्षरं कोरलीत, ए, एम, आय. एम म्हणजे मायक्रो, हे आत्ता कळलं. बोर्ड आधी पत्र्यावर नुसता धरून बघितला असता तर पाच मिनिटांत दिसलं असतं.

आमच्या धंद्यात ताण्याचं एक टोक चुकीच्या वईत (धागा ओवायच्या डोळ्यात) ओवलं की अख्ख्या थानात उभी रेघ येते. पोरांना मीच शिव्या देतो, ओवण्याआधी मोजा म्हणून. आता ती पोरं हे वाचणार नाहीत एवढीच आशा.

दोन खांब काढले, बोर्ड परत बसवला, दोन्ही पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एका दमात चालू. विंडोज टाकतोय. एकच शंका, रॅम 3200 ची घेतली आणि बायोसमध्ये 2400 दाखवतोय. फसवलं का मला?

कडकभाकरी (मंगळवार, सकाळी 8:10)

अभिनंदन! आणि नाही, फसवलं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा पर्याय असतो, काही बोर्डांवर नाव थोडं वेगळं असतं. तो चालू करून सेव्ह करा, 3200 होईल. तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे आणि ते ह्याच रॅमवर जगतं, त्यामुळं फरक पडतो. विंडोजमध्ये 16 च्या जागी साडेपंधराच्या आसपास जीबी दिसली तरी घाबरू नका, उरलेली ग्राफिक्सनं स्वतःकडं ठेवलेली असते.

सातरस्ता दादा, राग कशाचा? कुलर फिरवून काढायचं मला खरंच माहीत नव्हतं. माझा प्रोसेसर नशिबानं वाचला म्हणायचा.

गेमरपुणे (मंगळवार, सकाळी 9:30)

ओके काका, माझं चुकलं. दागिना कॅन्सल 😄

जकार्डवाला (मंगळवार, रात्री 9:00)

3200 झालं. पार्टीला नमुना दाखवला, मोराच्या पिसाऱ्यात एक रंग बदलायला सांगितलाय, म्हणजे पसंत आहे.

वायरमन येऊन गेला. खड्ड्यापर्यंत जायची वेळच आली नाही. भिंतीतल्या त्या सॉकेटच्या वरच्या जाड, अर्थच्या भोकाला मागून वायरच जोडलेली नव्हती! भोक आहे, आत पितळ आहे, मागं काही नाही. घर बांधल्यापासून तसंच असणार. घराच्या मेन बोर्डपासून हिरवी वायर ओढून दिली, मुंग्या बंद. जुना पीसी त्याच सॉकेटवर सात वर्षं चालला होता, तो कशानं गेला असेल ह्याचा आता विचार करतोय.

शेवटचा प्रश्न. माझी खोली मागाच्या शेडला लागूनच, वर पत्रा. मे महिन्यात 43 जातं आणि हवेत कापसाचे तंतू बाराही महिने. काय काळजी घेऊ?

सातरस्ता (बुधवार, सकाळी 7:00)

उन्हाची भीती कमी, कापसाची जास्त. हा प्रोसेसर 95 डिग्रीपर्यंत सोसतो आणि त्याच्या जवळ गेला की आपला वेग आपणच कमी करतो. पण शेडजवळच्या मशीनचा कुलर मी उघडलाय, पंख्याखालच्या पात्यांवर नमदा तयार झालेला असतो, अख्खा सोलून निघतो. हवा जायला वाटच राहत नाही.

पुढच्या पंख्यानं हवा आत, मागच्यानं बाहेर, पंखे उलटे लागलेत का ते बघा. पुढच्या जाळीला जाळीदार कापड लावा, ते तुम्हाला मी काय सांगणार. आठवड्याला ते झटका. महिन्यातनं एकदा बाजूचा पत्रा उघडून ब्लोअर मारा, प्लग काढून. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.