‘डोनेशन’ लिहिलं म्हणून ती देणगी होत नाही

शाहूपुरीचा_लेखनिक

परवा इथं ब्लॉकफोड्या नावाच्या पोरानं टाकलं होतं. तो माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालवतो, म्हणजे पोरांनी एकत्र ऑनलाइन खेळायची जागा. तो लिहितो : "क्यूआर लावा, खाली डोनेशन लिहा. देणगीला टॅक्स नाही, कायदा नाही. राजारामपुरीत घरी बसून महिन्याला सहा हजार सुटतात." त्याखाली नुसता ‘नाद खुळा’चा पाऊस. ‘थांब बाबा’ म्हणणारा एक निघाला नाही. अकरा वर्षं एका कर सल्लागारांच्या हाताखाली रिटर्न भरतोय, मला ते बघवलं नाही.

ब्लॉकफोड्या, तुझ्या यादीत १९९ रुपयांना सरदार हा हुद्दा, ४९९ ला सेनापती. सेनापतीला गेममध्ये उडता येतं, रोज हिऱ्यांचा संच मिळतो. पैसे दिले तर मिळतो, नाही दिले तर नाही. ह्याला विक्री म्हणतात. चप्पल लाइनला कापशीचा जोड घेऊन कुणी ‘दुकानदाराला देणगी दिली’ म्हणत नाही. विक्री आली की धंदा आला, आणि धंद्यातला नफा म्हणजे उत्पन्न.

बरं, बदल्यात काहीच देत नाहीस असं धरू. मग ती भेट. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपर्यंतच भेट माफ असते. त्याच्या वर एक रुपया गेला, की फक्त वरचा रुपया नाही, पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५६ मध्ये होतं, १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा आला. महिन्याला सहा म्हणजे वर्षाला ७२ हजार. आणि देणगीची जी सूट तू ऐकलीयस ती जुन्या कायद्यातल्या कलम ८० जी ची. ती देणाऱ्याला मिळते, तीही घेणारी संस्था मान्यताप्राप्त असेल तर. तू सगळं एकाच शब्दात कालवलंस आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं ते वाचून क्यूआर लावायला निघाली आहेत.

सगळ्यात गंभीर शेवटी. तूच लिहिलंयस की क्यूआर आईच्या खात्याचा आहे आणि त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. बँकेच्या दप्तरी हे पैसे त्यांचे. नोकरीत असताना बाजूला धंदा करायला वर्तणुकीचे नियम आडवे येतात. खातं आजच्या आज बदल.

ब्लॉकफोड्या

आईला मधे ओढायचं काम नव्हतं. माझं खातं नवं होतं, रोजची मर्यादा कमी होती, म्हणून तिचा क्यूआर लावला. तिला सर्व्हर म्हणजे काय ते पण माहीत न्हाई. तिची नोकरी चव्हाट्यावर आणून तुम्हाला काय मिळालं?

आणि ७२ हजार म्हणजे माझ्या खिशात ७२ न्हाईत. मशीनचं भाडं महिना ३२००, वर्षाला झाले ३८,४००. डोमेनचे ९००. प्लगिन, म्हणजे गेमला जोडायचा जादा कोड, लिहून देणाऱ्याला ११ हजार. राहिले २१,७००. त्यासाठी रात्री दोन-दोनला उठून सर्व्हर चालू करतोय. नव्या कर रचनेत ४ लाखाच्या आत रिटर्नच भरावं लागत न्हाई, १२ लाखापर्यंत टॅक्स शून्य. हे तुम्हाला माहीत असूनसुद्धा बारक्या पोरांना भ्या दाखवताय. जमिनीचे व्यवहार निम्मे रोखीनं होतात, तिकडं बोला की.

शाहूपुरीचा_लेखनिक

रिटर्नचं तुझं बरोबर आहे. दुसरं काही उत्पन्न नसेल तर तुला कर लागणार नाही. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

पण ३८,४००, ९०० आणि ११ हजार वजा करायचा हक्क तुला कधी मिळतो? धंदा म्हटलास तर. भेट म्हटलीस की ७२ च्या ७२ उत्पन्न, खर्च बिर्च कोणी बघत नाही. म्हणजे ‘डोनेशन’ लिहून तू स्वतःचंच नुकसान करतोयस. शिवाय तुझं उत्पन्न ४ लाखाच्या आत असेल, ज्यांच्या खात्यात पैसे पडतात त्यांचा पगार आहे. आधी विचारणा त्यांना येणार. म्हणून आईंचा विषय काढला, त्यांचा अपमान करायला नाही. त्यांना दुखावलं असेल तर माफी मागतो, पण सल्ला मागं घेत नाही.

आणि २१,७०० उरत होते तर ‘महिन्याला सहा हजार सुटतात’ का लिहिलंस? पोरांनी तेच वाचलं ना.

मंगळवार_पेठेचा_पठ्ठ्या

मला एक सांगा. आम्ही गणपतीला पेठेत वर्गणी गोळा करतोय, आमच्या आज्ज्यापासून. तिच्यावर कुणी टॅक्स मागायला आलं न्हाई. हे पोरगं पण चार पोरं खेळत्यात म्हणून वर्गणीच गोळा करतंय. मशीन सगळ्यांसाठी, खर्च सगळ्यांनी उचलायचा. ह्यात धंदा कुठं आला? लेखनिकसाहेब, तुम्हाला सगळीकडं दुकानच दिसतंय.

इचलकरंजी_जुना_अॅडमिन

पठ्ठ्या, वर्गणीसुद्धा मोकाट नसते. धर्मादाय कार्यालयाची ४१ सी ची परवानगी असते, पावती पुस्तक असतं, हिशेब द्यावा लागतो. मंडळ पावती देतं म्हणून ती वर्गणी.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा माझ्या सर्व्हरवर मी मदत मागितली. तीन रात्रींत ३८,६०० रुपये माझ्या खात्यात आले. शिरोळ तालुक्यात चादरी, बिस्किटं, सॅनिटरी पॅड पोचवले. ट्रॅक्टरनं गेलो, पाणी छातीला होतं. बिलं कुणाकडं मागणार त्या वेळी? तीन महिन्यांनी माझ्याच सर्व्हरवरच्या एका पोरानं लिहिलं, "अॅडमिननं पुराच्या पैशातनं ग्राफिक कार्ड घेतलं." मी कार्ड घेतलं होतं, पगारातून. सिद्ध करायला माझ्याकडं एक कागद नव्हता. ज्यांच्याबरोबर पाच वर्षं खेळलो ती माणसं गेली. धर्मादाय कामाला पैसे गोळा करायला परवानगी लागते हेसुद्धा मला नंतर कळलं.

तेव्हापासून एक रुपया आला तरी लिहितो.

सातव्या_गल्लीतला_दुकानदार

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पावती पुस्तक असतं म्हणे! गेल्या वर्षी माझ्या दुकानात चार मंडळं आली. एकानं ५,००१ ची पावती आधीच फाडून आणली होती. रक्कम भरलेली, नाव भरलेलं, मी फक्त द्यायचे. १,००१ देतो म्हटलं तर रात्री शटरसमोर बेस लावून ठेवला. पावतीवर परवानगीचा क्रमांक नव्हता. त्या सर्व्हरवाल्या पोराला निदान पैसे मागायला लोकांच्या दारात उभं राहावं लागत नाही. नाही दिले तर तो शटर अडवत नाही.

मंगळवार_पेठेचा_पठ्ठ्या

आमच्या मंडळाचं नाव घे न्हाईतर असलं लिहू नकोस. चौघांत आम्ही होतो का? आमची पावती अनुक्रमांकाची, परवानगी नंबर छापलेला. अनंत चतुर्दशी झाली की आठ दिवसांत तालमीच्या फळ्यावर जमाखर्च लागतो. महापुरात दोन वेळा, एकोणीसला आणि एकवीसला, आमच्या पोरांनी होड्या ओढल्यात. तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढलंय. तेव्हा कुणी पावती मागितली न्हाई.

सातव्या_गल्लीतला_दुकानदार

माणसं काढलीत, ते मी विसरलेलो नाही. माझी सासू त्यातलीच. म्हणून तर राग येतो. एवढं चांगलं काम करणाऱ्या पोरांनी पावतीचा आकडा देणाऱ्याला ठरवू द्यावा. जबरदस्तीनं घेतलेल्याला वर्गणी म्हणू नका, इतकंच माझं म्हणणं आहे.

मंगळवार_पेठेचा_पठ्ठ्या

आकडा आधी लिहून आणणं चुकीचंच आहे. तेवढं मान्य. पण सगळ्या मंडळांना एका मापानं मोजायचं न्हाई.

रंकाळ्याकाठची_आई

तुमचं वर्गणीचं नंतर मिटवा. माझ्या तेरा वर्षांच्या मुलानं माझ्या फोनवरून दोन महिन्यांत एका सर्व्हरला ९,४०० रुपये पाठवले. कधी १९९, कधी ४९९. पिन त्यानं बघून पाठ केला होता. मी त्या अॅडमिनला लिहिलं तर उत्तर आलं, "मॅडम, डोनेशन आहे, नॉन रिफंडेबल." तेव्हा हा शब्द काय कामाला येतो ते मला कळलं. विकलं म्हटलं तर परत करायला लागेल, म्हणून देणगी. मुलगा सांगतो, ‘उडता आलं नाही तर सगळे मला मारतात.’ तेरा वर्षांचं पोर ‘देणगी’ देतं का हो?

ब्लॉकफोड्या, तुझा सर्व्हर नव्हता तो. पण तुझ्या सर्व्हरवर किती मुलं अठराच्या आतली आहेत, मोजलीयस कधी?

बावड्याचा_वकील

ताई, अठराच्या आतल्या मुलाशी केलेला करार मुळातच शून्य असतो. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयानं, मोहरी बीबीच्या खटल्यात हे सांगितलं, आजही तोच कायदा आहे. ‘नॉन रिफंडेबल’ लिहून त्यातून सुटका होत नाही. सगळ्या व्यवहारांचे संदर्भ क्रमांक लावून लेखी मागणी करा.

सर्व्हरवाल्यांना एक सांगायचंय, ह्याकडं कुणी बघतच नाही. काही ठिकाणी ५० रुपयांची ‘किल्ली’ विकतात. पेटी उघडा, नशीब असेल तर ५०० रुपये यूपीआयवर. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. प्रवेशाची ठरावीक फी किंवा वर्गणी घेऊन नुसतं खेळू देणं वेगळं, त्याला त्या कायद्यात जागा आहे. रोख बक्षिसाची पेटी असेल तर आजच बंद करा. कराचं नंतर बघू.

उद्यमनगर_लेथ

माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी माझाही सर्व्हर होता. कुणीतरी १५० रुपये पाठवले. पंधरा दिवसांनी कारखान्यातून सुटून पेट्रोल भरायला गेलो तर पैसे जाईनात. खातं गोठवलेलं, त्यात पगाराचे ४१ हजार. बँकेत कळलं, ज्यानं १५० पाठवले त्यानं ते कुणालातरी फसवून मिळवले होते. तक्रार दुसऱ्या राज्यात. बँक म्हणे तिथल्या पोलिसांचं पत्र आणा, तिथले पोलीस फोन उचलत नव्हते. दोन महिने उधारीवर काढले. बायकोच्या दवाखान्याचे पैसे मेव्हण्यानं दिले. खातं सुटलं त्या दिवशी सर्व्हर बंद केला. टॅक्सचं मला कुणी विचारलं नाही, पण ह्या १५० रुपयांनी जीव काढला.

बावड्याचा_वकील

असल्या प्रकरणांत आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ वापरायचे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. वादातल्या १५० रुपयांपुरतीच अडवणूक व्हावी असा अर्ज करता येतो. नाहीच ऐकलं तर उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, त्यासाठी मुंबईची गाडी धरायची गरज उरली नाही. तुमच्याकडं त्या १५० ची नोंद होती का, कुणाचे आणि कशासाठी?

उद्यमनगर_लेथ

नव्हती. तेच तर.

इचलकरंजी_जुना_अॅडमिन

सगळे सरकारचंच बोलताय. गेम कुणाचा आहे? माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगनं २०१४ च्या जूनमध्येच लिहून दिलंय. प्रवेशाला फी घ्या, पण आत आल्यावर सगळ्यांना सारखं. टोप्या, रंग, पाळीव प्राणी, दिखाऊ वस्तू विका. खेळात वरचढ करणारं काही विकायचं नाही. देणगी घ्या, आभार माना, पण दिली म्हणून वेगळी ताकद नको. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलरला कंपनी घेतली, तरी हा नियम राहिला. ४९९ ला उडता येणं ह्यात बसत नाही. ताईंचा मुलगा जे म्हणतो, ‘उडता आलं नाही तर मारतात’, तेच थांबवायला तो नियम आहे. माझ्या सर्व्हरवर पहिली दोन वर्षं मीही विकत होतो. नियम आल्यावर काढलं, महिन्याचे पैसे निम्म्यावर आले, पण सर्व्हर टिकला.

ब्लॉकफोड्या

सगळं वाचलं. उत्तर द्यायचं नव्हतं, आईनं वाचायला लावलं. लेखनिककाका, तिला राग आला न्हाई, मलाच आला होता.

सेनापतीचं उडणं आज काढलं. टोपी आणि रंग ठेवतोय. रोख पेटी माझ्याकडं कधीच नव्हती. माझ्या नावानं नवं खातं काढतोय, ह्या आठवड्यात. ‘सहा हजार सुटतात’ हे मी फुशारकीनं लिहिलं, खरं न्हाई. पण गुन्हेगारासारखं बोललात ते पण बरोबर न्हाई. सर्व्हरवर आठवी-नववीची पोरं आहेत. ती बाहेर टवाळक्या करत फिरत न्हाईत, गेममध्ये एकत्र पन्हाळा गड बांधतायत, तीन दरवाजा झाला, अंधारबाव चालू आहे. ते पण कुणीतरी लिहा.

अठराच्या आतल्यांचं मोजलं न्हाई. मोजतो. ताई, कुणा आईबापानं मागितले तर परत देईन.

हिशेब एक्सेलमध्ये चालेल का? जीएसटीचं काय?

शाहूपुरीचा_लेखनिक

पन्हाळा मला बघायचाय, सर्व्हरचा पत्ता पाठव.

जीएसटीची सेवेसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख. तुझा संबंध नाही. मात्र ती उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. एक्सेल चालेल. तारीख, कुणाकडून, किती, बदल्यात काय दिलं. खर्चाची बिलं त्याच फोल्डरमध्ये. आईंच्या खात्यात आतापर्यंत आलेल्या पैशांची यादी बँकेच्या उताऱ्यावरून आधी काढ. ती घेऊन शनिवारी ऑफिसला ये, आईंनाही आण. पैसे घेणार नाही.

मंगळवार_पेठेचा_पठ्ठ्या

पोरा, अंधारबावेत पाण्याचा मजला सगळ्यात खाली आहे, वरती खिडक्या. चुकवू नको.