बँकॉकला शनिवार-रविवार, देवळं पण बघायचीत आणि शॉपिंग पण, कसं बसवू?

गोदाकाठ:
आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी, चार वर्षं नुसतं ठरतच होतं, आता एकदाची तिकिटं काढलीत. शुक्रवारी रात्री पोचतोय, सोमवारी पहाटे परत. दोघींना ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे तिकडे देऊळ) सगळं निवांत बघायचंय आणि दोघी चातुचाकच्या बाजाराचं नाव घेऊन बसल्यात. कोणाचाच हिरमोड व्हायला नकोय मला. कोणी जाऊन आलंय का?

भटकभवानी:
शनिवार देवळांना, रविवार चातुचाकला. ग्रँड पॅलेसच्या दारात सकाळी साडेआठलाच हजर राहा, नंतर ऊन आणि टूरवाल्यांची गर्दी एकदमच येते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणीवर भागेल असं धरू नका, सरळ बाह्यांचे कुर्तेच घाला. वाट फो तिथून चालत. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, फोटोत मावतच नाही, पण माझ्या डोक्यात राहिलंय ते त्याच्या पाठीमागचं, भिंतीला लागून १०८ भांडी ओळीने मांडलीत, थोडे पैसे दिले की वाटीभर सुट्टी नाणी मिळतात आणि एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं. आमच्यातली एक सकाळपासून मॉल मॉल करत होती, ती त्या टण् टण् आवाजात अशी रमली की एक भांडं चुकलं म्हणून मागे जाऊन टाकून आली. मग ता तिएनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण.

ठाणेकर_७८:
एक सांगतो, पॅलेसच्या बाहेर कोणी गोड बोलून "आज बंद आहे, स्वस्तात टुकटुकने फिरवतो" म्हणालं तर थांबूच नका, सरळ गेटवर जा. आम्ही थांबलो आणि अर्धा दिवस एका रत्नांच्या दुकानात गेला, सोबत आई होती, तिचा पॅलेस राहिला तो राहिलाच, अजून वाईट वाटतं.

पिशवीवाली:
चातुचाकला मेट्रोने कांफेंग फेत स्टेशनला उतरा, दोन नंबरच्या एक्झिटने बाहेर आलात की बाजारातच. सकाळी नऊ-दहालाच जा, दुपारी पत्र्याखाली जीव उकडतो. १५ हजारांच्या आसपास दुकानं आहेत, त्यामुळे "येताना घेऊ" हे डोक्यातून काढा, ते दुकान परत सापडत नाही, मी एक निळी सिरॅमिकची बरणी अशीच घालवली. आवडलं की घ्या नाहीतर सेक्शन आणि सोई म्हणजे गल्लीच्या नंबरचा फोटो काढा. भाव करा पण हसत, दोन-तीन नग एकदम घेतले की आपणहून कमी करतात, आपल्याकडच्यासारखं निम्म्यावरून सुरू केलं तर तोंड फिरवतात. चुकामूक झाली तर मधल्या घड्याळाच्या टॉवरखाली भेटायचं आधीच ठरवून ठेवा.

गोदाकाठ:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ग्रुपवर टाकलं, नाण्यांचं वाचून चातुचाकवाल्या दोघीच आता म्हणतायत वाट फोला आधी जाऊ. ती निळी बरणी कुठल्या सेक्शनला होती आठवतंय का, दिसली तर तुमच्यासाठी फोटो काढते.