मदत हवी आहे: वजन आणि वावरक्षेत्राच्या रेषेचा चढ ०.४ च का येतोय?

कृष्णाकाठ:
चांदोली-कोयना भागात आढळणाऱ्या १४ सस्तन प्राण्यांचं सरासरी वजन आणि वावरक्षेत्र (होम रेंज, म्हणजे जनावराच्या नेहमीच्या वावराचा टापू) छापील लेखांतून जमवलंय: मुंगूस, जवादी मांजर, रानमांजर, कोळसुंदा (रानकुत्रा), बिबट्या, पिसोरी (मूषक हरीण), भेकर, सांबर, गवा वगैरे. दोन्ही रकान्यांचा लॉग घेऊन एक्सेलमध्ये रेषा बसवली. चढ आला ०.४१. वाचलेले आकडे ०.६३ पासून पुढचे आहेत. चुकतंय कुठे? आणि या रेषेवरून उसातल्या बिबट्याला किती जागा लागते ते काढता येईल का?

जवादी:
आधी एककं बघा. सगळीच क्षेत्रं हेक्टरमध्ये असली तर चढ बदलत नाही, रेषा नुसती वर सरकते. पण हेक्टर आणि चौ. किमीची सरमिसळ असेल तर हेक्टरवाल्या ओळी दहाच्या पायाच्या लॉगमध्ये बरोबर २ ने वर जातात (१ चौ. किमी = १०० हेक्टर). छोट्या प्राण्यांची क्षेत्रं बहुधा हेक्टरमध्येच छापतात, म्हणून डावं टोक उचललं जातं आणि चढ पडतो.

सड्यावरचा:
एककं सुधारली तरी ही यादीच चढ पाडणार. हलके बहुतेक मांसाहारी, सगळ्यांत जड ते शाकाहारी. एवढ्याच वजनाच्या हरणापेक्षा शिकाऱ्याला कितीतरी जास्त रान लागतं, कारण पाल्यापेक्षा भक्ष्य विरळ. दोघांतून एकच रेषा काढली की ती आडवी पडते. मॅकनॅब या संशोधकाने १९६३ साली ०.६३ चढ दिला, हॅरस्टॅड आणि बनेल यांनी १९७९ मध्ये आहार वेगळे केले तेव्हा शाकाहारी १.०२, मिश्राहारी ०.९२, मांसाहारी १.३६ आले. म्हणजे वजन दहापट झालं की शाकाहाऱ्याचं क्षेत्र साधारण साडेदहापट, मांसाहाऱ्याचं जवळजवळ तेवीसपट.

आणखी तीन गोष्टी तपासा. कोळसुंद्याचं क्षेत्र अख्ख्या कळपाचं असतं, त्यापुढे एका जनावराचं वजन लिहिलंय का? नर-माद्या मिसळल्यात का? आणि क्षेत्र काढलं कसं? जनावर आढळल्याच्या टोकाच्या जागा जोडून केलेला बहुभुज एका भरकटीनेही फुगतो, उलट नोंदी कमी असल्या तर क्षेत्र लहान दिसतं. नोंदी वाढवूनही आकडा वाढायचा थांबलेला असेल तोच अभ्यास घ्या. सागरेश्वर अभयारण्यासारख्या कुंपणातल्या १०.८७ चौ. किमी मधला सांबराचा आकडा तर धरूच नका. तो कुंपणाचा आकडा.

कृष्णाकाठ:
तीन ओळी हेक्टरमध्ये निघाल्या! आता मांसाहारी १.१, शाकाहारी ०.९. मग १.३६ चूक म्हणायचं का?

सड्यावरचा:
सात-सात ठिपक्यांवर? एक्सेलच्या रिग्रेशनमध्ये चढाची ९५% मर्यादा (खरा चढ ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे ते) दिसते. तिच्यात १.३६ बसत असेल तर काहीच म्हणता येत नाही. शिवाय मांजरं एकमेकांची नातलग, म्हणून ठिपके पूर्ण स्वतंत्रही नाहीत.

जवादी:
उसातल्या बिबट्याचं मात्र सोडा. रेषा जातींमधला सर्वसाधारण कल सांगते, एका जनावराची जागा नाही. गावाकडेला कुत्री, शेळ्या, डुकरं आयती असली की क्षेत्र आक्रसतं, आणि तुमच्या आलेखात भक्ष्याचा रकानाच नाही.