गोचीड तापाचा परजीवी पांढऱ्या पेशीत पचून का जात नाही?

प्रश्न (विटा, जि. सांगली, दुग्धव्यवसाय)
आमच्या होल्स्टीन संकरित कालवडीला १०५ अंश फॅरेनहाइट ताप आला आणि खांद्यापुढची गाठ चांगलीच सुजली. पशुवैद्यकांनी सुईने गाठीतील द्रव काढून काचपट्टीवर तपासला, थायलेरिया, म्हणजे गोचीड तापाचा परजीवी, असल्याचे सांगितले आणि बुपारवाक्वोनचे इंजेक्शन दिले. कालवड आता वैरण खाऊ लागली आहे. माझी शंका अशी की, जंतू गिळून पचवणे हे ज्या पांढऱ्या पेशींचे काम, त्यांच्यातच हा परजीवी जिवंत कसा राहतो? शिवाय रक्त कमी होण्याआधी गाठ का सुजते?

उत्तर १ (शिरवळ, जि. सातारा, पशुवैद्यकाचा विद्यार्थी)
आपल्या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. पेशी एखादा जंतू आत घेते तेव्हा त्याच्याभोवती पडद्याची पिशवी तयार होते आणि पाचकरसांच्या पिशव्या तिला येऊन मिळाल्या की जंतूचा निकाल लागतो. लेशमानिया हा परजीवी त्या पाचकरसातही तग धरतो. थायलेरिया अॅन्युलाटा मात्र आत शिरल्यावर काही मिनिटांतच तो पडदा विरघळवून थेट पेशीद्रवात मोकळा होतो, त्यामुळे पाचकरसाला मिसळायला पिशवीच उरत नाही. पुढे पेशीच्याच सूक्ष्मनलिका त्याच्याभोवती गोळा होतात.

यानंतर तो जे करतो ते मला तरी अचंबित करणारे वाटते. पेशीला ‘जग आणि वाढ’ असा आदेश देणारी यंत्रणा तो सतत चालू ठेवतो, म्हणून बाधित पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी विभागत राहते; आणि विभागणीच्या वेळी गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या नलिकांना तो स्वतःला जोडून घेत असल्यामुळे दोन्ही नव्या पेशींत त्याचाही वाटा जातो. एवढ्या काळात त्याला पेशीबाहेर पडून प्रतिपिंडांसमोर येण्याची गरजच पडत नाही. या पेशी लसिका ग्रंथीत वाढतात, म्हणून गाठ आधी सुजते. तांबड्या पेशींत तो नंतर उतरतो आणि मग रक्तक्षय दिसू लागतो. आपल्या डॉक्टरांनी काचपट्टीवर पाहिले ते बहुधा कॉखचे निळे कण, म्हणजे पेशीतील याच अवस्थेतील परजीवी असावेत.

प्रश्नकर्ता
सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग औषधाने परजीवी मेल्यावर त्या वाढलेल्या पेशींचे काय होते?

उत्तर २ (कराड, पशुवैद्यक)
बुपारवाक्वोन परजीवीच्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालते. परजीवी मेला की पेशीला मिळणारा आदेशही थांबतो, तिची अमर्याद वाढ खुंटते आणि अशा पेशी हळूहळू मरून जातात. म्हणून हे औषध लवकर दिलेले बरे. रक्तक्षय वाढल्यावर गुण येणे अवघड जाते. बऱ्या झालेल्या जनावरात थोडे परजीवी टिकून राहतात आणि गोचिडांमार्फत इतर जनावरांपर्यंत पोहोचू शकतात. बाधित पेशी प्रयोगशाळेतही वाढत राहतात, याच गुणाचा उपयोग करून सौम्य केलेल्या परजीवीची लस बनवतात. त्यातील पेशी जिवंत राहणे आवश्यक असल्याने ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागते.

उत्तर ३ (आटपाडी)
आमच्या खिल्लार बैलांना गोचीड असतात, पण असा ताप क्वचितच दिसतो. हा जातीचा गुण म्हणावा का?

उत्तर २ देणारे
खिल्लारविषयी बोलणार नाही. मात्र देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टीन वासरांना हाच परजीवी टोचून पाहिला, तेव्हा साहिवाल वासरांचा आजार सौम्य राहिला. विट्याच्या मित्रांनी एवढे जरूर करावे: हा ताप पसरवणारे हायलोमा जातीचे गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, तेव्हा जनावरांवर फवारणी करताना गोठ्याच्या भेगाही बुजवून घ्याव्यात.