तंबू फुकट, डबा घरचा: मॅलीतल्या गावांना आपल्या ट्रिपांचा उपयोग काय?

भटकी_मेलबर्नकर (धागाकर्ती)

ईस्टरला आम्ही तीन कुटुंबं, लहानमोठी धरून अकरा माणसं, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विमेरा-मॅली भागात चार रात्री काढून आलो. रुपन्यपपासून पॅचीवॉलॉकपर्यंत सायलोंवरच्या (धान्याच्या उंच कोठारांवरच्या) चित्रांची ती २०० किलोमीटरची वाट. ब्रिम गावच्या सायलोंवरचे चार शेतकरी चित्रकार गायडो व्हॅन हेल्टनने २०१६ साली रंगवले आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मावळतीच्या उन्हात ते अर्धे पुसल्यासारखे दिसतात. एकेकाळी त्याच सायलोत गावाचा गहू साठायचा. आता त्या रिकाम्या आहेत आणि गावात माणसं येतात ती भिंत बघायला.

घरी आल्यावर खर्चाची वाटणी करायला बसलो आणि मला ओशाळल्यासारखं झालं. निघण्यापूर्वी मेलबर्नमध्ये भरलेलं वाणसामान: सुमारे ९०० डॉलर. गावांमध्ये खर्च केलेले: पेट्रोल, बर्फाच्या चार पिशव्या आणि मुलांची आइसक्रीमं. मुक्काम दोन रात्री फुकट तळावर, दोन रात्री देणगीपेटीवाल्या तलावाकाठी. पेटीत आम्ही अकरा जणांनी मिळून वीस डॉलर टाकले. म्हणजे गावाचं पाणी, गावाचं स्वच्छतागृह, गावाची कचरापेटी आणि गावाची शांतता वापरून आम्ही परत आलो.

माझं म्हणणं एवढंच की फुकट तळावर राहणाऱ्याने दिवसातलं एक जेवण तरी त्या गावात विकत घ्यावं. नाहीतर आपण पाहुणे नाही, फुकटे. पटतंय का?

खवट_काका

नाही.

तळ फुकट ठेवायचा निर्णय काउन्सिलचा. पाटी त्यांनी लावली, ४८ तासांची मर्यादा त्यांनी घातली. मी पाटी वाचून राहिलो तर फुकटा कसा? देवळाच्या ओवरीत झोपणाऱ्या वारकऱ्याला कुणी विचारतं का, समोरच्या हॉटेलात जेवलास का म्हणून?

दुसरं, पेट्रोल. लहान गावात ते मेलबर्नपेक्षा लिटरमागे पंधरा-वीस सेंट महाग पडतं आणि मी ते मुकाट्याने भरतो. तिसरं, आम्ही पाच माणसं. हप्ता, फी, रेगो (गाडीची वार्षिक नोंदणी) सगळं भागवून पोरांना वर्षातून एकदा आकाश दाखवायचं तर पबमध्ये एका वेळेला दीडशे डॉलर कुठून आणू? तंबू आणि घरची भडंग आहे म्हणून ट्रिप होते. अट घालाल तर ट्रिपच होणार नाही, आणि मग गावाला माझं पेट्रोलही मिळणार नाही.

तीन_ठिपके

काकांना +१. शाकाहारी माणसाने करायचं काय, हेही धागाकर्तीने सांगावं. गेल्या वर्षी एका गावात (नाव सांगत नाही) पबच्या मेनूवर माझ्यासाठी दोनच गोष्टी होत्या: चिप्स आणि लसणाचा पाव. बरं, त्या तरी मागाव्यात तर आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि किचन बंद. शेवटी तंबूबाहेर गॅसवर खिचडी टाकली. त्या रात्री मी फुकटी होते की भुकेली?

पाटीवाचक

अवांतर: ॲडलेडकडे जाणाऱ्यांनी घरचा डबा जपून भरावा. रेनमार्कच्या अलीकडे यांबाला फळमाशी रोखण्यासाठी तपासणी चौकी आहे. संत्री-आंबे टाकावे लागतात हे माहीत होतं, पण टोमॅटो आणि हिरव्या मिरच्यासुद्धा! पाव किलो मिरच्या बायकोने डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकल्या. पुढचे तीन दिवस जेवणाला चव नव्हती.

रांगडा_रेगो

एक बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो. माझ्या ओळखीतलं एक जोडपं लहान गावात कॅरॅव्हॅन पार्क चालवतं. विमा, वीज, गरम पाण्याचे शॉवर, रोजची सफाई, सगळ्याचा खर्च त्यांच्या अंगावर. विजेसह जागेचे ते ४० डॉलर घेतात. दीड किलोमीटरवर काउन्सिलचं मैदान, तिथे मुक्काम फुकट. लोक काय करतात? तीन रात्री मैदानावर राहतात आणि चौथ्या दिवशी पार्कवर येऊन विचारतात, "फक्त शॉवर घेतला तर चालेल का?"

सरकारी संस्थेने खाजगी धंद्याशी स्पर्धा करताना स्वतःच्या सरकारीपणाचा फायदा घेऊन दर पाडू नयेत, असं इथलं स्पर्धाधोरण सांगतं. पार्कवाले त्यावर बोट ठेवून तक्रारी करतात. काउन्सिल म्हणते, स्वतःची टाकी-संडास घेऊन फिरणारे निवृत्त लोक पार्कवर तसेही जाणार नव्हते. फुकट जागा नसेल तर गाव ओलांडून पुढे जातील. दोघंही खोटं बोलत नाहीत, म्हणून हा वाद मिटत नाही. पण काका, तुमची वारकऱ्याची उपमा जमली नाही. वारकऱ्याच्या मागे फ्रिज असलेली प्राडोसारखी मोठी गाडी नसते.

खवट_काका

प्राडो नाही, २०१४ ची कॅमरी आहे. आणि फ्रिज नाही, एस्की (बर्फाची पेटी) आहे. बर्फ गावातूनच घेतो.

मॅलीतली_नर्स

मी या भागातल्या एका छोट्या रुग्णालयात काम करते, चौथं वर्ष चालू आहे. तुमच्या चर्चेत गाव म्हणजे केवळ गल्ला दिसतोय, म्हणून जरा इथून काय दिसतं ते सांगते.

यारियंबियाक शायर (इथल्या काउन्सिलचा तालुका), म्हणजे ब्रिम, वॉरकनबील, होपटन हा पट्टा. क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि माणसं सात हजारांच्या आत. चौरस किलोमीटरला एक माणूसही भरत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हाच आकडा ३६५ होता. एवढ्या माणसांनी रस्ते, पोहण्याचा तलाव, स्वच्छतागृहं, सगळं चालू ठेवायचं. जानेवारीत तुमच्या तळाशेजारी गवत पेटलं तर विझवायला येणारे सीएफएचे (ग्रामीण अग्निशमन दलाचे) लोक पगारी नाहीत. ते त्याच गावचे शेतकरी, मेकॅनिक आणि शाळेतले सर असतात, हातातलं काम टाकून आलेले. सी लेकचा पब बंद पडला तेव्हा गावकऱ्यांनीच पैसे जमवून तो विकत घेतला, कारण पब गेला की संध्याकाळी चार माणसं भेटायची जागाच जाते.

त्यामुळे वीस डॉलरची पेटी हा मुद्दा मला बारीक वाटतो. पण भटकीताई, तुमचा उपायही कागदावरचाच आहे. तुम्ही आलात कधी? ईस्टरला! गुड फ्रायडेला इथे चिटपाखरू नसतं. शनिवारी बेकरी बाराला बंद होते. रविवारी आणि सोमवारी दुकानदार स्वतःच मरी नदीवर बोट घेऊन गेलेला असतो. त्या चार दिवसांत खिशात हजार डॉलर घेऊन आलात तरी खर्च करायला जागा मिळाली नसती. तळ मात्र त्याच चार दिवसांत तुडुंब असतो आणि मंगळवारी तो साफ करायला दोन माणसं येतात.

खरा उपयोग होतो तो आडदिवशी येणाऱ्या माणसाचा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) फुलतो, क्षितिजापर्यंत पिवळं. व्हिक्टोरियातल्या शाळांची सुट्टीही सप्टेंबरात सुरू होते. तेव्हा बुधवारी या.

आणि तीन_ठिपके, पबला दुपारीच फोन करा. "आम्ही सहाजण, सहा वाजता येतोय, मांस आणि मासे चालत नाहीत" एवढं सांगितलं की आमच्याकडची कुक मशरूमचं काहीतरी करते. न सांगता आठनंतर गेलात तर घरी निघालेली बाई पुन्हा तवा कसा चढवणार?

तीन_ठिपके

फोनचं पटलं, करून बघेन. पण आणखी एक गोष्ट आहे, जी आपण एकमेकांत बोलतो आणि इथे लिहीत नाही. आम्ही आठजण आत शिरलो की पबमधला आवाज खाली जातो. कुणी वाईट बोललं नाही, पण सगळ्या माना वळल्या. सासूबाई नऊवारीत होत्या. त्यानंतर त्या म्हणाल्या, "गाडीतच खाऊ गं." घरचा डबा नेहमी पैशासाठीच असतो असं नाही.

मॅलीतली_नर्स

माना वळतात, खरं आहे. माझ्यासाठीही वळल्या. काही वेळा त्यात नुसतं कुतूहल असतं आणि काही वेळा नसतं. मी इथे राहते म्हणून सगळं गोड आहे असं सांगणार नाही. सासूबाईंना बेकरीपासून सुरुवात करायला सांगा. दिवसाउजेडी, उभ्याउभ्या, पाच मिनिटांत काम. आणि मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा युटवाला (युट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी) स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, त्याला उलट बोट दाखवा. (तर्जनी!) मला ते कळायला सहा महिने लागले.

रांगडा_रेगो

बेकरीवरून आठवलं: या भागात गेलात आणि व्हॅनिला स्लाइस (कस्टर्ड भरलेली पेस्ट्री) खाल्ला नाहीत तर काय केलंत? ऊयेनला त्याची मोठी स्पर्धा भरायची, पुढे ती मर्बीनला गेली. जिलेटिन असतं का ते मात्र काउंटरवर विचारा.

भटकी_मेलबर्नकर (धागाकर्ती)

नर्सताई, गुड फ्रायडेचं वाचून कपाळावर हात मारला. आम्ही शुक्रवारी दुपारी वॉरकनबीलला पोचलो तेव्हा मुख्य रस्त्यावर आमच्याच तीन गाड्या होत्या. नवरा म्हणाला, "बघ, किती शांत गाव आहे." आणि मी घरी येऊन हिशेबात आमचा कंजूषपणा शोधत बसले.

तरी मुद्दा पूर्ण सोडत नाही. शनिवारी सकाळी बेकरी उघडी होती. आम्ही समोरून गेलो, कारण डिक्कीतल्या ठेपल्यांचे तीन डबे संपवायचे होते. तो निर्णय आमचा होता, सुट्टीचा नव्हता.

खवट_काका

ठेपले टिकतात पाच दिवस. आधी बेकरी, मग ठेपले. एवढ्यासाठी धागा?

माझं मत आहे तिथेच आहे: अट नको. पण सप्टेंबरात कनोला बघायचा आहे. नर्सताई, कॅमरी जाईल अशा रस्त्यावरचा तळ सांगा, कच्चा नको. आणि पबचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघू मशरूमचं काय करतात ते.